प्रसेनजीतच्या टेम्पोवरचं नाव

काळजी करण्यात प्रसेनजीत कुरणेचा हात धरणारा माणूस मी अख्ख्या शिरोलीत पाहिलेला नाही. टेम्पोत फाउंड्रीचा माल भरला की तो दोरी आवळतो, गाडीला एक फेरी मारतो आणि पुन्हा दोरी आवळतो. फाट्यावर चहाला थांबला तर गाडीकडे पाठ करून बसत नाही. घाट उतरायच्या आधी ब्रेक तपासतो, ते ठीक आहे, पण हा बाबा चढायच्या आधीही तपासतो. मी एकदा म्हटलं, "अरे, चढाला ब्रेक काय करायचाय तुला?" तर म्हणाला, "मागं सरकली तर?" मी आणखी एक चहा सांगितला.

मी आकाराम पेंटर. शिरोली फाट्यावर माझं दुकान आहे. हल्ली पोरं रेडियमची स्टिकरं चिकटवतात आणि दोन पावसाळ्यांत ती शेंबडासारखी लोंबायला लागतात. मी ब्रशनं लिहितो. आई अंबाबाई लिहिलंय, जोतिबाच्या नावानं चांगभलं लिहिलंय, जय भीम लिहिलंय, सातशे शहाऐंशी लिहिलंय. ज्याचा जो देव असेल तो मी लिहितो, माझं स्वतःचं त्यात काही नसतं. पण या कोल्हापूर जिल्ह्यात माझ्या हातून लिहिल्या गेलेल्या एका नावानं एका घराचा जीव टांगणीला लावला, आणि त्या घरातला माणूस हा प्रसेनजीत. म्हणून हे सांगतोय.

ते नाव मी लिहिलं तेव्हा टेम्पो प्रसेनजीतचा नव्हता. दानियेल कुरणे नावाचा उंच, काटक म्हातारा नवा कोरा निळा टेम्पो घेऊन आला आणि काचेच्या वरच्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला, "हितं लिवायचं. पिवळ्या रंगात. यहोवा यिरे."

"पावणं, ह्ये कानडी हाय का?" मी विचारलं.

"हिब्रू हाय. देवाचं नाव हाय."

"अर्थ काय म्हणायचा?"

"देव बघंल."

"कुणाकडं?"

"ज्येच्याकडं कोण बघत न्हाय त्येच्याकडं. तू लिव आदी."

मी लिहायला घेतलं आणि तो बाकावर बसून बोलत राहिला. त्यांच्यातले काही लोक याव्हे म्हणतात, काही यहोवा म्हणतात. दुकानावर हे नाव लिहिणारे बरेचजण 'देव पुरवील' असा अर्थ काढतात, म्हणजे गल्ला भरून देईल. त्याला ते पटत नव्हतं. आणि मुळात ही भाषा ज्या लोकांची, ते यहुदी लोक हे नाव तोंडानं उच्चारतच नाहीत. वाचताना ते नाव आलं की त्याच्या जागी नुसतं 'प्रभू' म्हणतात. नाव असलेला कागद फाटला, जुना झाला, तर टाकत नाहीत, जाळत नाहीत, माणसाला पुरावं तसा मातीत पुरतात. लिहिलेलं नाव पुसत तर कधीच नाहीत.

"आणि तुमी टेम्पोवर लिवताय व्हय, डिझेलच्या धुरात?" मी म्हटलं.

"आमी कोल्हापूरची दांडगी मानसं, पावणं. पण लिवल्यावर म्यापण पुसणार न्हाय."

त्या दिवशी टेम्पोत मागच्या बाजूला माल सांभाळायला जो गडी बसला होता तोच प्रसेनजीत. तो दानियेलतात्यांकडे हमाली करायचा, त्यांच्याकडेच गाडी शिकला. दोघांचं आडनाव एकच, कारण भावकी एकच. गगनबावड्याच्या रस्त्याला यांचं मूळ गाव. दोन सख्खे भाऊ होते. एक भाऊ मिशनच्या दवाखान्यात बरा झाला आणि ख्रिस्ती झाला, त्याचे नातू हे तात्या. दुसऱ्या भावाच्या मुलानं छप्पननंतर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्यांचा नातू प्रसेनजीत. म्हणजे नात्यानं तात्या प्रसेनजीतचे चुलते. धर्म दोन झाले तरी लग्नकार्याला एकमेकांकडे जाणं-येणं चालू राहिलं. एवढंच की तात्यांच्या दारात नाताळाला तारा लागायचा आणि प्रसेनजीतच्या दारात बुद्धपौर्णिमेला पांढरे दिवे.

पुढे साखरेच्या आजारानं तात्यांची नजर गेली. आधी रात्रीचं दिसेना, मग दिवसाचंही धूसर झालं, मग संपलंच. बायको आधीच वारली होती. मुलगा तरुणपणी आयटीआयला जागा मिळाली नाही म्हणून रागानं गोव्याला निघून गेला, तो तिकडेच राहिला. तात्यांनी टेम्पो प्रसेनजीतला दिला. व्यवहार काय झाला ते मी विचारलं नाही. पण देताना एकच अट घातली, आणि ती माझ्या दुकानासमोर घातली म्हणून मला माहीत आहे.

"नाव पुसू नगो."

"न्हाय पुसत," प्रसेनजीत म्हणाला.

आता गंमत बघा. प्रसेनजीतच्या घरात देव नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, बाकी काही नाही. त्याच्या वडिलांनी बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ करून घेतल्या होत्या. देव या गोष्टीवर याचा काडीचा विश्वास नाही. आणि हाच माणूस रोज सकाळी फडकं घेऊन काच पुसायचा आणि काचेच्या वर, हलक्या हातानं, अक्षरांचा रंग जाऊ नये अशा बेतानं, यहोवाचं नाव पुसायचा. दर रविवारी तात्यांना चर्चला न्यायचा. गाडीत बसण्याआधी तात्या हात वर करून ती पट्टी चाचपायचे आणि विचारायचे, "हाय न्हवं?" प्रसेनजीत म्हणायचा, "हाय."

वस्तीतले लोक चिडवायचे. कोण त्याला 'पाळक', म्हणजे चर्चचा पाद्री, म्हणायचं, कोण 'आज प्रार्थना किती वाजता?' विचारायचं. त्याची बायको प्रीती अंगणवाडीत मदतनीस आहे, जिभेला धार असलेली बाई. ती म्हणायची, "ह्यांच्या गाडीवर जय भीम कवा येणार त्ये ह्यांच्या यहोवालाच म्हाईत." प्रसेनजीत हसायचा. तोवर सगळं हसण्यावारी चाललं होतं.

त्याची मुलगी क्रांती वारणानगरला शिकली. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. गल्लीतल्या कुत्र्याच्या पायात काच गेली तरी ही पोरगी मांडीवर घेऊन बसायची. परीक्षेत तिला गुण चांगले पडले आणि राखीव जागेतून पशुवैद्यकीय कॉलेजात नंबर लागण्याची चिन्हं दिसायला लागली. आता घोडं अडलं होतं जात पडताळणीच्या प्रमाणपत्रावर. ते मुदतीत हातात आलं नाही तर प्रवेश गेला. बाकी सगळे कागद होते, पण खापर पणजोबांच्या वेळचा एक दाखला काही केल्या सापडेना. कागद अपुरे असले की दक्षता पथकाकडून घरी चौकशी होते. तशी ती यांच्याकडेही होणार असं कळलं. घरी येऊन विचारतात, तुम्ही मूळचे कुठले, घरात सणवार कुठले, देव कुठले, नातेवाईक कोण, शेजारी काय म्हणतात.

आणि कायद्यात असं आहे की अनुसूचित जातीतला माणूस हिंदू असो, शीख असो, बौद्ध असो, त्याची सवलत राहते. ख्रिस्ती झाला की जाते. तात्यांच्या मुलाला आयटीआयला जागा का मिळाली नाही, ते यातच आलं. एकाच ओसरीवर वाढलेल्या दोन भावांच्या वंशजांपैकी एकाला मिळतं आणि दुसऱ्याला नाही. मी पेंटर माणूस, कायद्यावर बोलायची माझी लायकी नाही, पण मला हे ऐकून बरं वाटलं नव्हतं, एवढं सांगतो.

प्रसेनजीतच्या तोंडचं पाणी पळालं. एका दुपारी तो माझ्याकडे आला, टेम्पो दुकानासमोर उभा केला आणि खाली उतरून त्या नावाकडे बघत राहिला.

"आकारामदा, कोन बी म्हणंल ना, की ह्यो मानूस ख्रिस्ती झालाय म्हणून? गाडीवर लिवलंय. दर रविवारी चर्चला दिसतोय. आडनाव बी एक."

"तू झालायस का?"

"न्हाय."

"मग झालं की."

"मला म्हाईत हाय. त्यास्नी कसं कळायचं?"

मी सोपे उपाय सांगितले. चौकशीच्या दिवशी गाडी माझ्या दुकानात लाव, म्हटलं. तर म्हणे, रोज दारात असलेली गाडी त्याच दिवशी नाही दिसली तर शेजारी विचारतील, लपवली म्हणतील. बरं, वर जय भीमचा कापडी पट्टा बांध. तर म्हणे, वारा आला आणि उडाला तर खालचं दिसेल, मग तर चोरी पकडल्यासारखंच. बरं, मी निळा रंग मारतो, चौकशी झाली की परत तसंच लिहून देतो, अगदी होतं तसं. यावर त्यानं बोटानं पट्टीवरची धूळ पुसली. मग म्हणाला, "पुसलं म्हंजे पुसलंच की. तुमी परत लिवाल, पर मी शब्द मोडला त्ये कुठं लिवणार?"

मला राग आला. पोरीचं आयुष्य एका बाजूला आणि रंगाची चार अक्षरं दुसऱ्या बाजूला, आणि हा गाढव तराजू धरून बसलेला. मी तसं बोललोही. "तात्यांना दिसतंय का? दिसत न्हाय. मग त्यांना कोण सांगणाराय?"

"त्येच तर," तो म्हणाला. "दिसत असतं तर पुसलं असतं, तोंडावर शिव्या खाल्ल्या असत्या. आंधळ्याला फसवू व्हय?"

"मग जाऊन विचार त्यांना. सरळ सांग."

"काय सांगू? तुमच्या देवाचं नाव माझ्या पोरीला नडतंय म्हणून? ज्येच्या पोराला ह्याच कारणानं जागा मिळाली न्हाय, त्यालाच जाऊन सांगू?"

तरीही मी त्याला ओढून तात्यांकडे नेलं. तात्या कोल्हापूरच्या सदर बाजारात एका खोलीत राहतात. आम्ही बसलो. तात्यांनी प्रसेनजीतला चहा करायला लावला. प्रसेनजीत डिझेलबद्दल बोलला, गाडीच्या क्लचबद्दल बोलला, गगनबावड्याला किती पाऊस आहे ते बोलला. मी त्याला कोपरानं ढोसलं, तर तो क्लचबद्दलच पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागला. उठताना तात्यांनी विचारलं, "नाव हाय न्हवं?"

"हाय तात्या."

परत येताना टेम्पोत आम्ही दोघं हायवेवरच्या तावडे हॉटेलपर्यंत तोंडं दोन बाजूंना करून आलो.

चौकशीचा दिवस ठरला. त्या आठवड्यात प्रसेनजीतचं जेवण तुटलं. प्रीती सांगायची, हे ताटावर बसतात आणि भाकरीचा तुकडा हातात तसाच राहतो. तो घरातले फोटो सरळ करायचा, पुन्हा जाऊन बघायचा सरळ आहेत का. क्रांतीला बावीस प्रतिज्ञा म्हणून दाखवायला लावायचा. ती चिडायची, "पप्पा, परीक्षा माझी झालीय. आता तुमची चाललीय काय?" शेजारच्या बाळाबाईंना तो दोनदा सांगून आला की कुणी विचारलं तर खरं तेच सांगा. बाळाबाई म्हणाल्या, "मी खोटं सांगणार हाय असं कोण म्हणालं तुला?" मग तो त्याही गोष्टीची काळजी करत बसला, की आपण सांगायला गेलो म्हणून त्यांना संशय आला असेल.

आदल्या दिवशी दुपारी क्रांती कुणालाही न सांगता बसनं सदर बाजारला गेली. चार वाजायच्या सुमाराला रिक्षा माझ्या दुकानापुढे थांबली. आत ती आणि तात्या. माल उतरवून प्रसेनजीतही नेमका फाट्यावर आलेला होता. त्यानं रिक्षात तात्यांना बघितलं. मुलगी जाऊन सगळं सांगून आली, हे त्याला विचारावं लागलं नाही.

"आकाराम, थिनर हाय का?" तात्यांनी विचारलं. "आन् फडकं."

"तात्या, ऱ्हाऊ द्या," प्रसेनजीत म्हणाला.

"तू गप. मला गाडीपशी न्हे."

क्रांतीनं त्यांना हात धरून पुढे नेलं. त्यांनी पट्टी चाचपली, पहिलं अक्षर बोटांनी शोधलं आणि तसेच उभे राहिले. मग बोलायला लागले. फार मोठ्यानं बोलत नव्हते, पण फाट्यावरच्या गाड्यांच्या आवाजातही मला सगळं ऐकू आलं.

"ह्ये नाव कुठं पडलं, म्हाईत हाय का रं तुला? अब्राहाम म्हणून एक बाप होता. देवानं त्येला सांगिटलं, तुझं एकुलतं पोरगं डोंगरावर नेऊन मला दे. बाप निघाला. पोराच्या डोस्क्यावर लाकडं, बापाच्या हातात पेटता इस्तू आन् सुरा. पोरगं वाटत इचारतंय, बाबा, इस्तू हाय, लाकडं हायत, कोकरू कुठं हाय? बाप म्हणतोय, देव बघंल. वर गेल्यावर बापानं सुरा उचलला. तवा देवानं हाळी मारली, थांब म्हणाला, पोराला हात लावू नगो. बघतोय तर झुडपात एक एडका अडकलेला. त्येनं एडका दिला आन् पोरगं घिऊन खाली आला. त्या जाग्याला त्येनं ह्ये नाव ठिवलं. पोरगं वाचलं त्या जाग्याचं नाव हाय ह्ये. आन् त्या नावापायी तू पोरीचं नुस्कान करून घेणार? मग आट वर्सं काय पुसत बसलास रं गाडीवरचं?"

तात्यांनी फडकं थिनरमध्ये बुडवलं. "तुझ्या हातनं नगो. म्या लिवून घेतलंय, म्याच पुसणार. त्याचा जाब द्यायचा आसला तर म्या दीन."

एकेक अक्षर ते बोटांनी शोधत होते आणि पुसत होते. कंपनीचा भट्टीत भाजलेला रंग थिनरला दाद देत नाही, माझा हातचा रंग लगेच सुटतो. पिवळं फडकं झालं, त्यांची बोटं पिवळी झाली. शेवटचं अक्षर गेलं आणि ते मागे सरले.

"गेलं का?"

आम्ही तिघं बघत होतो. गेलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या उन्हानं टेम्पोचा निळा रंग विटला होता, पण अक्षरांच्या खालच्या रंगाला ऊन लागलंच नव्हतं. पिवळा निघाला आणि खालून ताज्या गडद निळ्या रंगात नाव जसंच्या तसं वर आलं. यात चमत्कार बिमत्कार काही नाही, पेंटरच्या धंद्यात हे रोजचं आहे. आणि मी पेंटर असून हे मला आधी सुचलं नाही, याचा मला त्या क्षणी संताप आला. उलट आता ते लांबूनही वाचता येत होतं आणि पुसायचा प्रयत्न केलेलाही दिसत होता. चौकशीला येणाऱ्या माणसाला याहून वाईट काय दाखवणार?

"गेलं का म्हणतोय," तात्या पुन्हा म्हणाले.

"न्हाय आजोबा," क्रांती म्हणाली. "खालनं आलंय."

मी पट्टी घासून पुन्हा रंगवायला तयार होतो, पण आभाळ भरून आलं होतं, हवा ओली होती, रंग सकाळपर्यंत वाळला नसता. ओला रंग म्हणजे तर उघड पुरावा. प्रसेनजीत म्हणाला, "ऱ्हाऊ दे आता." मी ब्रश परत डब्यात ठेवला. पाऊस सुरू झाला म्हणून प्रीतीनं तात्यांना घरीच ठेवून घेतलं.

सकाळी मला त्यानं बोलावून घेतलं होतं, जुना माणूस म्हणून. मी गेलो तेव्हा घरात कुणी कुणाच्या डोळ्यात बघत नव्हतं. तात्या कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. अंगावर चर्चला जायचा पांढरा सदरा होता, गळ्यात लहानसा क्रूस. प्रसेनजीत दारात जायचा, टेम्पोकडे बघायचा, आत यायचा, तात्यांकडे बघायचा. काहीतरी बोलायचं होतं आणि बोलवत नव्हतं. ते तात्यांनीच सोडवलं.

"मला बाळाबाईच्या कट्ट्यावर न्हेऊन बसव. चौकशी आटपली की आत घे."

प्रसेनजीतनं नाही म्हटलं नाही. त्यानं त्यांचा हात धरला आणि उठवलं. तेवढ्यात दारात गाडी थांबली. दक्षता पथकाच्या मॅडम सांगितलेल्या वेळेच्या आधीच आल्या. मध्यम वयाची बाई, पावसात भिजलेल्या चपला बाहेर काढून आत आली. तात्या आणि प्रसेनजीत हात धरून घराच्या मधोमध उभे. प्रसेनजीतनं त्यांना परत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं.

मॅडमनी बसून घेतलं, पाणी घेतलं, विचारायला सुरुवात केली. मूळ गाव, पणजोबांचं नाव, काम काय करायचे, लग्नं कुठल्या घरांत झाली, दीक्षा कुणी घेतली, सण कुठले. प्रसेनजीत उत्तरं देत होता, पण प्रत्येक उत्तराआधी तात्यांकडे बघत होता. बाळाबाई येऊन सांगून गेल्या. मीही सांगितलं. मग मॅडमचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. क्रूस त्यांना दिसला असणार.

"हे आजोबा कोण?"

"म्या कोन न्हाय, बाईसाब," तात्या लगेच म्हणाले. "टेम्पोचा जुना मालक. पाऊस आला म्हणून थांबलोतो. ह्येंचा आन् माझा काय संबंध न्हाय."

मी प्रसेनजीतकडे बघितलं. तो खाली फरशीकडे बघत होता. मला वाटलं आता बोलेल. त्याचे ओठ हललेही. पण तो बोलला नाही. प्रीतीनं पदर तोंडाला लावला.

"माझे आजोबा आहेत," क्रांती म्हणाली.

"पोरीला काय कळतंय," तात्या म्हणाले. "लहानपणापास्नं आजोबा म्हणतीया, म्हणून."

"दानियेल कुरणे त्यांचं नाव. पप्पांचे चुलते आहेत. त्यांच्या आजोबांचे आणि माझ्या खापर पणजोबांचे वडील एकच. ते ख्रिस्ती आहेत, आम्ही बौद्ध आहोत. तुम्ही नातेवाईक विचारले म्हणून सांगते." जागा तिची जाणार होती, आणि हे तिला आमच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मॅडमनी लिहून घेतलं. किती वेळ लिहीत होत्या कोण जाणे, मला तरी तो वेळ सरता सरेना. मग त्यांनी विचारलं, "बाहेर टेम्पोवर काय लिहिलंय?"

आता मात्र प्रसेनजीतनं मान वर केली. "देवाचं नाव हाय, मॅडम. माझा इस्वास न्हाय त्येच्यावर. तात्यांचा हाय. म्हणून हाय त्ये."

मॅडमनी पेन बंद केलं. "भावकीतलं कुणी ख्रिस्ती झालं म्हणून हिची जात कुठं जाते?" त्या म्हणाल्या. "मी तुमच्या घराची चौकशी करायला आलेय. गाडीवर कुणी काय लिहावं ते मी लिहून नेत नाही." दारात चपला घालताना त्या पुन्हा वळल्या आणि कुणाला असं नाही, सगळ्यांनाच म्हणाल्या, "पण आजोबांना 'मी कोण नाही' असं म्हणायला कुणी लावलं?"

उत्तराची वाट न बघता त्या निघाल्या.

गाडी गेल्यावर प्रसेनजीत तात्यांच्या पायाशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. तात्या त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणत होते, "आरं, तू कुठं म्हनालास? म्याच म्हनलो की." त्यानं तो जास्तच रडत होता.

प्रमाणपत्र मुदत संपायला आली तेव्हा आलं, तोवर त्यानं आणखी काळजी करून घेतली. क्रांती आता जनावरांच्या डॉक्टरकीला आहे. ते ताजं निळं नाव उन्हानं विटून आजूबाजूच्या रंगात मिसळत चाललंय. मी पिवळ्यानं लिहून देतो म्हटलं, तात्या नको म्हणाले, आता जसं जाईल तसं जाऊ दे. प्रसेनजीत अजून दोरी दोनदा आवळतो, चढाला ब्रेक बघतो. एक गोष्ट मात्र त्याची नवी आहे. शेजारच्या सीटवर तात्या असले की पेट्रोल पंपावर, टोलवर, चहाच्या गाड्यावर, समोर कोण का असेना, त्यानं काही विचारायच्या आत हा सांगून मोकळा होतो, "आमचे तात्या हायत. चुलते." मी त्याला म्हटलं, अरे, विचारू तरी दे त्यांना. तर म्हणाला, "न्हाय आकारामदा. इचारल्यावर मी परत गप बसलो तर?"